भाड्याच्या रेंडर सर्व्हरवर फाइली आणि ड्राइव्ह: काय कुठं ठेवायचं?

हिंडलगा_रोड

बंगल्यांचे वॉकथ्रू आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या मशीन-पार्टची ॲनिमेशनं तासाच्या भाड्याच्या जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) सर्व्हरवर रेंडर करायची आहेत, म्हणजे थ्रीडी सीनमधून एकेक फ्रेम काढायची. एक प्रोजेक्ट साधारण ४८ जीबी: टेक्श्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) आणि मॉडेल मिळून ४० जीबी, बाकी बहुतेक सिम्युलेशनची कॅश (कापड, कण यांच्या हालचालीचा साठवलेला हिशोब), सीन फाइल फक्त ३०० एमबी. घरच्या फायबरचा अपलोड ३० एमबीपीएस. सर्व्हर विंडोज, रिमोट डेस्कटॉपवरून चालवायचा. सॉफ्टवेअर ब्लेंडर, कधीकधी थ्रीडीएस मॅक्स.

फाइली चढत असताना मशीनचं मीटर पळतं, ते कसं टाळायचं? सर्व्हरवर सी, डी आणि जोडलेला एक असे तीन ड्राइव्ह दिसतात, कशात काय ठेवायचं? आणि काम झाल्यावर नेमकं काय बंद करायचं, काय पुसायचं?

टिळकवाडी_नोड

आधी आकडा मांडू. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३.७५ एमबी. ४८ जीबीला १२,८०० सेकंद, म्हणजे साडेतीन तासांच्या वर, तेही लाइन एकसारखी भरून चालली तर. प्रत्यक्षात चार-साडेचार तास धरा. एवढा वेळ जीपीयू मशीन नुसतं बसवून ठेवायचं काही कारण नाही, कारण फाइली चढवायला मशीन चालू असावंच लागत नाही.

सगळ्या फाइली आधी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे मशीनशिवाय चालणाऱ्या ऑनलाइन साठ्यात टाका. ॲमेझॉनचं एस-थ्री, अॅझ्युअरचं ब्लॉब, गुगलचं क्लाउड स्टोरेज, कुठलंही चालेल. रात्री घरचा कॉम्प्युटर अपलोडला लावा, सर्व्हर बंदच राहू दे. सकाळी मशीन सुरू केलं की त्याच रीजनमधल्या (एका भागातल्या डेटा सेंटरांच्या गटातल्या) स्टोरेजमधून फाइली जोडलेल्या ड्राइव्हवर ओढायच्या. हा प्रवास डेटा सेंटरच्या आतला, घरच्या लाइनचा त्यात संबंध नाही. साडेतीन तासांचं काम काही मिनिटांवर येतं.

स्टोरेज आणि मशीन एकाच रीजनमध्ये हवेत, हे विसरू नका. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, अॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया पुण्यात आहे. फक्त आधी बघून घ्या की तुम्हाला हवं ते जीपीयू तिथं मिळतंय का. मिळत नसेल आणि मशीन दुसऱ्या रीजनमध्ये घेतलंत, तर स्टोरेजही तिथंच उघडा. एका रीजनमधून दुसऱ्यात डेटा हलवायला वेळही जातो आणि पैसेही.

आता ड्राइव्ह. सी ड्राइव्हवर विंडोज, ड्रायव्हर, ब्लेंडर, प्लगइन, बास. प्रोजेक्ट तिथं ठेवू नका. सी भरला की रिमोट डेस्कटॉपसुद्धा रडायला लागतो.

डी ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी तात्पुरता असतो. तो त्याच यंत्रात बसवलेला असल्यामुळे वेग जबरदस्त, पण तिथली फाइल म्हणजे बसच्या सीटवर टाकलेला रुमाल: उतरलात की जागा गेली. ॲमेझॉनच्या इन्स्टन्स स्टोअरमधला डेटा रीस्टार्टमध्ये टिकतो, स्टॉप किंवा टर्मिनेट केलं की जातो. अॅझ्युअरवर तर त्या ड्राइव्हचं नावच टेम्पररी स्टोरेज असतं आणि आत डेटा जाईल असा इशारा देणारी टेक्स्ट फाइल ठेवलेली असते. लोक ती न वाचता पुसतात. डीवर फक्त टेक्श्चरची कामापुरती प्रत, टेम्प फोल्डर, पुन्हा तयार करता येणारी कॅश. फ्रेम तिथं लिहायच्याच असतील तर दर काही मिनिटांनी बाहेर कॉपी होत राहिल्या पाहिजेत.

तिसरा, जोडलेला ड्राइव्ह. मशीन बंद झालं तरी हा टिकतो आणि म्हणूनच मशीन बंद असतानाही त्याचं भाडं चालू राहतं. भाडं राखून ठेवलेल्या जागेचं लागतं, वापरलेल्या नव्हे. १ टीबी घेऊन ६० जीबी वापरलंत तरी १ टीबीचेच पैसे. आणि ॲमेझॉनवर हा ड्राइव्ह वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून लहान घ्या, लागलं तर वाढवा.

वडगाव_व्हिज

वाढवल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक्स्टेंड व्हॉल्यूम करायला लागतं, हे सांगायचं राहिलं. नाहीतर पॅनेलमध्ये ५०० जीबी दिसतात आणि विंडोजमध्ये २००च. मग लोक तिकीट टाकत बसतात.

टिळकवाडी_नोड

बरोबर. त्याच खिडकीतली आणखी एक धोक्याची जागा. नवा ड्राइव्ह जोडला की तो ऑफलाइन दिसतो, त्यावर राइट क्लिक करून ऑनलाइन करायचा. ड्राइव्ह कोरा असेल तरच पुढं इनिशियलाइझ, विभागणीची पद्धत जीपीटी, फॉरमॅट एनटीएफएस. जुन्या स्नॅपशॉटपासून (ड्राइव्हच्या त्या वेळच्या साठवलेल्या प्रतीपासून) बनवलेला, आत डेटा असलेला ड्राइव्ह असेल तर फक्त ऑनलाइन करा. विंडोजने फॉरमॅट करू का म्हणून विचारलं तर नाही म्हणा आणि आपण चुकीचा ड्राइव्ह तर जोडला नाही ना ते बघा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडू नका, २ टीबीच्या पुढची जागा तिला दिसत नाही.

खानापूर_४जी

३० एमबीपीएस अपलोड म्हणजे चैन आहे ओ. खानापूरच्या पलीकडं घाटाकडच्या गावांत मोबाइलच्या नेटवर ५ एमबीपीएस अपलोड मिळाला तरी नशीब. त्या वेगाने ४८ जीबीला २१ तास लागतात, आणि पावसाळ्यात वीज तेवढा वेळ सलग राहील याची खात्री कोण देणार? अशा वेळी पहिला मोठा लॉट हार्ड डिस्कवर घालून बेळगावात कुणाच्या तरी फायबरवरून चढवणं केव्हाही जलद. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि सिम्युलेशनच्या कॅश फाइली हटकून तेवढ्या असतात.

त्यानंतर गावाहून फक्त सीन फाइल पाठवायची. ३०० एमबीला ५ एमबीपीएसवर आठ मिनिटं. टेक्श्चर रोज बदलत नाहीत, ते पुन्हा पुन्हा चढवणं हाच खरा अपव्यय. म्हणून पहिल्या दिवसापासून टेक्श्चर, सीन, कॅश आणि आउटपुट असे चार वेगळे फोल्डर ठेवा. सगळं एकात कोंबलं की काय बदललं ते शोधता येत नाही.

फायबरवाल्यांनी राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्यावेत. नुसता राउटर घेतला तर वाय-फाय दिसतं आणि इंटरनेट नसतं. घेताना ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

हिंडलगा_रोड

होय की, चार फोल्डरचं पटलं. पण चढवायचं कशाने? सध्या रिमोट डेस्कटॉपमध्ये कॉपी-पेस्ट करतो. २ जीबीच्या आसपास अडकायला लागतं.

उद्यमबाग_कॅड

कॉपी-पेस्ट क्लिपबोर्डवरून जातं. मध्ये तुटलं तर पहिल्यापासून. रिमोट डेस्कटॉपला आपला लोकल ड्राइव्ह जोडून कॉपी करणंही तसंच, एखादी सीन फाइल किंवा स्क्रिप्ट न्यायला ठीक, ४० जीबीला नाही. आणि तेवढा वेळ सर्व्हर चालू ठेवावा लागतो ते वेगळंच.

आरक्लोन वापरा. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि जवळजवळ सगळ्या स्टोरेजशी बोलतं. खाली आज्ञांची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

आरक्लोनमध्ये कॉपी आणि सिंक या दोन आज्ञा आहेत. कॉपी नवीन आणि बदललेलं तेवढं पाठवते, पलीकडचं काही पुसत नाही. सिंक पलीकडचा फोल्डर हुबेहूब अलीकडच्यासारखा करते, म्हणजे इथं नसलेली फाइल तिथं असेल तर ती उडवते. घरच्या कॉम्प्युटरवरचा रिकामा आउटपुट फोल्डर सर्व्हरच्या भरलेल्या आउटपुट फोल्डरवर सिंक केला तर काय होईल याचा विचार करा. आधी ड्राय-रन लावून बघा, त्यात काय पुसलं जाणार ते नुसतं छापून येतं. मला विचाराल तर रेंडरच्या कामात सिंक वापरायची गरजच पडत नाही.

एका वेळी किती फाइली पाठवायच्या ते ट्रान्सफर्स या पर्यायाने ठरतं, मूळ आकडा ४ आहे. हजारो छोटी टेक्श्चर असतील तर १६ करा. पाच-सहा मोठ्या कॅश फाइली असतील तर वाढवून फायदा नाही. दिवसा घरात बाकीच्यांना इंटरनेट हवं असेल तर बीडब्ल्यूलिमिटने वेग बांधून घ्या. संपल्यावर चेक ही आज्ञा चालवली की दोन्हीकडच्या फाइली जुळवून बघितल्या जातात. ही पायरी गाळू नका. एक टेक्श्चर अर्धवट गेलेलं असेल तर ते चारशे फ्रेम झाल्यावर कळतं.

सर्व्हरच्या आत एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर न्यायला विंडोजचंच रोबोकॉपी पुरेसं आहे. स्लॅश ई म्हणजे रिकाम्यासकट सगळे सबफोल्डर, स्लॅश एमटी म्हणजे अनेक फाइली एकाच वेळी, मूळ ८ आणि कमाल १२८. स्लॅश एमआयआरपासून लांब राहा, तीही सिंकसारखी पुसते. आणि स्लॅश आर, स्लॅश डब्ल्यू हे दोन आकडे स्वतः द्या. न दिल्यास अडकलेल्या फाइलीसाठी रोबोकॉपी ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करतं. एक फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली तर सगळी रांग तिथंच उभी, आणि मीटर चालू. आर ३, डब्ल्यू ५ ठेवा.

शहापूर_फ्रेम

स्क्रिप्टवाल्यांसाठी: रोबोकॉपी यशस्वी झालं तरी एक्झिट कोड शून्य नसतो. फाइली कॉपी झाल्या की १ येतो. ८ किंवा वर आला तरच गडबड. शून्य नाही म्हणून स्क्रिप्ट थांबवली तर रेंडर कधीच सुरू होणार नाही.

निपाणीकर

एवढं कशाला? गुगल ड्राइव्ह सगळ्यांकडं आहे, सर्व्हरवर त्याचं ॲप टाकायचं, जी ड्राइव्ह उघडतो, तिथूनच सीन उघडायचा.

टिळकवाडी_नोड

नको ओ निपाणीकर. स्ट्रीमिंग मोडमध्ये जी ड्राइव्हवरच्या फाइली नुसत्या दिसतात, प्रत्यक्षात उघडल्यावर खाली उतरतात. रेंडर सुरू झालं की एकेक टेक्श्चर तेव्हा डाउनलोड व्हायला लागतं आणि जीपीयू शून्य टक्क्यावर बसतो. उतरलेल्या फाइलींची कॅश मुळात सी ड्राइव्हवर जाते, तो भरतो. शिवाय गुगल ड्राइव्हवर छोट्या फाइली सेकंदाला साधारण दोनच चढतात, त्यामुळे ६,००० टेक्श्चर म्हणजे ५० मिनिटं नुसत्या फाइलींच्या संख्येमुळे, लाइन कितीही चांगली असली तरी. दिवसाला ७५० जीबीची अपलोड मर्यादा आहे ती वेगळी, पण तिथपर्यंत आपण पोचत नाही.

ग्राहकाला व्हिडिओ दाखवायला गुगल ड्राइव्ह उत्तम. रेंडरला खाऊ घालायला नाही.

निपाणीकर

मग छोट्या फाइलींची झिप करून एकच फाइल चढवली तर?

उद्यमबाग_कॅड

पहिल्या वेळेला चांगली कल्पना. पण सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशन स्टोअरवर ठेवा. जेपीजी, पीएनजी आधीच दाबलेल्या असतात. त्यांना पुन्हा दाबण्यात अर्धा तास जातो आणि आकार जेमतेम कमी होतो.

खानापूर_४जी

माझं मत वेगळं. झिपमध्ये एक टेक्श्चर बदललं की सगळी झिप नव्याने चढवायची. कमी नेटवाल्याला ते परवडत नाही. फार तर न बदलणारी लायब्ररी, म्हणजे झाडं, फर्निचर, एचडीआर आकाश, यांची एक झिप आणि त्या कामापुरत्या फाइली मोकळ्या. लायब्ररी एकदा चढवून स्टोरेजमध्ये ठेवूनच द्या, प्रत्येक प्रोजेक्टबरोबर नवी प्रत कशाला?

उद्यमबाग_कॅड

हेही बरोबर.

आता पाथबद्दल, कारण रेंडर काळं किंवा गुलाबी येण्याचं हे पहिलं कारण. घरी टेक्श्चर ई ड्राइव्हवर, सर्व्हरवर एफवर. सीनमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असेल तर सर्व्हरला काहीच सापडत नाही.

ब्लेंडरमध्ये फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटा, तिथं मेक ऑल पाथ्स रिलेटिव्ह. त्यानंतर रिपोर्ट मिसिंग फाइल्स. रिलेटिव्ह पाथ एकाच ड्राइव्हच्या आत चालतो. सीन डीवर आणि टेक्श्चर ईवर असेल तर विंडोजवर तो बनतच नाही. पॅक रिसोर्सेस हाही मार्ग आहे, सगळी चित्रं ब्लेंड फाइलच्या पोटात जातात. पण मग ३०० एमबीची फाइल कितीतरी जीबींची होते आणि एक खुर्ची हलवली तरी ती सगळी पुन्हा चढवायची. अलेम्बिक कॅश (हालचाल साठवणारी वेगळी फाइल) त्यात येत नाही ती नाहीच.

कापड, कण यांची डिस्क कॅश ब्लेंड फाइलच्या शेजारच्या फोल्डरमध्ये बसते आणि त्या फोल्डरच्या नावात ब्लेंड फाइलचं नाव असतं. म्हणून सर्व्हरवर नेताना फाइलला फायनल-२ असं नवीन नाव दिलंत की कॅश सापडत नाही, पडदे ताठ उभे.

मॅक्समध्ये शिफ्ट-टी दाबून ॲसेट ट्रॅकिंग उघडा. मिसिंग दिसतील ते सोडवा, मग फाइल मेनूतून आर्काइव्ह. सीन आणि सगळी टेक्श्चर एकत्र झिप होतात. सिनेमा फोर-डीवाल्यांना सेव्ह प्रोजेक्ट विथ ॲसेट्स.

मॅक्समध्ये पूर्ण पाथ सोडवत नसतील तर एक जुगाड: दोन्हीकडं एकच अक्षर करा. घरी आणि सर्व्हरवर सबस्ट आज्ञेने प्रोजेक्टच्या फोल्डरला पी ड्राइव्ह म्हणा आणि सीन कायम पीवरूनच उघडा. रीस्टार्ट झालं की सबस्ट जातं, म्हणून ती ओळ स्टार्टअपमध्ये टाका.

वडगाव_व्हिज

सबस्ट असो की नेटवर्कवरून मॅप केलेला झेड ड्राइव्ह, एक गोची कायम येते. ही अक्षरं लॉगिन केलेल्या त्या सेशनपुरती असतात. रेंडर मॅनेजर विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल, किंवा रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरने उघडला असेल, तर त्याला झेड दिसतच नाही. एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह समोर दिसतोय आणि रेंडरर म्हणतोय फाइल नाही, अशी तक्रार आली की नव्वद टक्के हेच. नेटवर्क ड्राइव्हला अक्षर न वापरता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या.

शहापूर_फ्रेम

फाइलींच्या नावांचंही बघा की. आपल्याकडं दुकानाच्या पाट्या एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. ग्राहक त्या पाट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि टेक्श्चरचं नाव तसंच कन्नडात किंवा मराठीत राहतं. विंडोजवर चालतं. लिनक्स सर्व्हरवर किंवा एखाद्या जुन्या प्लगइनमध्ये अडतं. मॅकवरून आलेल्या फाइलीत जोडाक्षरं आणि मात्रा वेगळ्या पद्धतीने साठवलेल्या असू शकतात, दिसायला नाव तेच पण जुळत नाही. नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, अंडरस्कोअर वापरून. छोटी-मोठी अक्षरंही सांभाळा: लिनक्सला मोठ्या अक्षरातलं जेपीजी आणि छोट्यातलं जेपीजी या दोन वेगळ्या फाइली.

फाँटही पाठवायला लागतात. सर्व्हरवर आपले मराठी-कन्नड फाँट नसतात, पाटीच्या जागी चौकोन येतात. पाठवण्यापूर्वी मजकुराचं मेश (साधा थ्रीडी आकार) करून टाका, प्रश्नच मिटतो.

आणि फोल्डरात फोल्डर किती करायचे याला मर्यादा ठेवा. विंडोजवरचे बरेच प्रोग्राम अजून २६० अक्षरांच्या पाथवर अडतात. ग्राहकाचं नाव, गल्लीचं नाव, तारीख, रिव्हिजन असं करत डेस्कटॉपवर ठेवलं की तिथं सहज पोचतो.

हिंडलगा_रोड

आउटपुटला जागा किती धरायची? ४० सेकंदांचा वॉकथ्रू, ४-के, २५ फ्रेम.

टिळकवाडी_नोड

१,००० फ्रेम झाल्या. ३८४० गुणिले २१६०, चार चॅनेल, हाफ फ्लोट म्हणजे प्रत्येकी २ बाइट: एक फ्रेम ६६ एमबी, न दाबलेली. हजार फ्रेमला ६६ जीबी. पास (सावली, चकाकी असे फ्रेमचे थर) वेगळे काढलेत तर तीन चॅनेलचा प्रत्येक पास ५० एमबी. पाच पास धरले की फ्रेम ३१६ एमबी आणि सगळं मिळून ३१६ जीबी. ईएक्सआर या फ्रेमच्या फाइल-प्रकाराचं झिप किंवा पिझ कॉम्प्रेशन लावलं की कमी होतं, दर्जा जात नाही. किती कमी ते नॉइजवर अवलंबून, म्हणून पाच-सहा फ्रेम काढून सरासरी बघा आणि वर तिसरा हिस्सा मोकळा धरा. डीडब्ल्यूएए खूपच दाबतं, पण त्यात थोडा दर्जा जातो. क्रिप्टोमॅट (वस्तू वेगवेगळ्या निवडायचा पास) असेल तर ३२ बिट आणि दर्जा न घालवणारं कॉम्प्रेशन, तिथं काटकसर नको.

थेट एमपी-फोर कधीही काढू नका. ९४०व्या फ्रेमला मशीन पडलं तर सगळी फाइल जाते. फ्रेम काढल्या असतील तर ९४०पासून पुढं.

निपाणीकर

लिनक्स सर्व्हर स्वस्त पडतो म्हणून विचारतो, ब्लेंडर टर्मिनलवरून चालवल्यावर फ्रेम सापडत नाहीत असं काहींचं होतं. ते काय?

शहापूर_फ्रेम

ब्लेंडर आज्ञेतले पर्याय डावीकडून उजवीकडं, लिहिल्या क्रमाने पाळतं. आउटपुटचा ओ पर्याय ॲनिमेशनच्या ए नंतर लिहिला तर रेंडर आधी सुरू होतं, ओ नंतर वाचला जातो. फ्रेम जातात फाइलमध्ये आधी लिहिलेल्या पाथवर, म्हणजे बहुधा टीएमपी फोल्डरमध्ये. तो बऱ्याच सर्व्हरवर रीस्टार्टला साफ होतो. क्रम असा: बी, फाइलचं नाव, ओ आणि पाथ, मग सर्वात शेवटी ए.

दर फ्रेमला नवीन ब्लेंडर उघडणाऱ्या स्क्रिप्टही टाळा. ४० जीबी टेक्श्चर ॲमेझॉनच्या साध्या जीपी-थ्री ड्राइव्हवरून सेकंदाला १२५ एमबीने वाचायला पाच मिनिटांच्या वर लागतात. हजार फ्रेमला हजार वेळा तेच वाचणार का? एकाच आज्ञेत सगळा टप्पा द्या आणि पर्सिस्टंट डेटा (सीन मेमरीत धरून ठेवणारं सेटिंग) चालू ठेवा, मेमरी पुरत असेल तर.

लिनक्सवर जोडलेला ड्राइव्ह एफएसटॅबमध्ये (कुठले ड्राइव्ह जोडायचे त्या यादीच्या फाइलीत) यूयूआयडीने (ड्राइव्हच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने) लिहा. एनव्हीएमई ड्राइव्हची नावं रीस्टार्टनंतर आपापसांत बदलू शकतात. आणि नोफेल हा शब्द टाका. नाहीतर ड्राइव्ह काढून ठेवल्यावर मशीन बूटच होत नाही, आणि समोर कीबोर्ड नसलेल्या मशीनवर ते निस्तरणं फार त्रासाचं.

वडगाव_व्हिज

आरसिंक ही लिनक्सची कॉपीची आज्ञा वापरणाऱ्यांनी स्रोत फोल्डरच्या शेवटच्या तिरप्या रेघेकडं लक्ष द्यावं. रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरसकट. टेक्श्चरच्या आत पुन्हा टेक्श्चर असा फोल्डर तयार झाला की समजा.

हिंडलगा_रोड

दोन मशीन लावून एकाच आउटपुट फोल्डरमध्ये लिहिता येतं का?

टिळकवाडी_नोड

येतं. ब्लेंडरच्या आउटपुट सेटिंगमध्ये ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर्स चालू. मशीन फ्रेम घेताना त्या नावाची शून्य बाइटची फाइल ठेवतं, दुसरं मशीन ती बघून पुढची फ्रेम घेतं. फक्त फोल्डर दोघांना दिसणारा, नेटवर्कवरचा हवा.

यातली अडचण मशीन मध्येच बंद पडल्यावर दिसते. हातात घेतलेल्या फ्रेमची शून्य बाइटची फाइल तशीच राहते. पुन्हा रेंडर सुरू केलं की ब्लेंडर म्हणतं, फाइल आहे, पुढं चला. ती फ्रेम कधीच निघत नाही. ड्राइव्ह भरल्यावरही असंच, शून्य किंवा अर्धवट आकाराच्या फाइली पडतात. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी आउटपुट फोल्डर आकाराप्रमाणे लावा, शून्य बाइटच्या आणि इतरांपेक्षा विचित्र लहान फाइली उडवा, मग चालवा. काळ्या फ्रेमही लहान असतात, त्या उडवण्याआधी उघडून बघा. शॉट काळ्यातून उजळत असेल तर त्या बरोबरच असतात.

स्वस्तातलं स्पॉट मशीन घेतलं असेल तर ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देऊन ते काढून घेऊ शकतं. तेव्हा रेंडरच्या शेजारी आरक्लोनची कॉपी दर पाच मिनिटांनी चालू द्या, मिन-एज दोन मिनिटं ठेवून. म्हणजे अजून लिहिली जात असलेली फ्रेम उचलली जात नाही. मूव्ह वापरू नका. फ्रेम फोल्डरमधून हलल्या की ब्लेंडरला वाटतं अजून निघायच्याच आहेत, पुन्हा सुरू केल्यावर पहिलीपासून सुरुवात.

उद्यमबाग_कॅड

काही जण आरक्लोनच्या माउंटने स्टोरेजच ड्राइव्ह म्हणून जोडतात. वाचायला ठीक, पण व्हीएफएस कॅश मोड हा पर्याय किमान राइट्सवर नसेल तर बरेच प्रोग्राम त्यावर लिहिताना अडखळतात. कॅशला मोठ्या ड्राइव्हवरचा फोल्डर आणि कमाल आकार द्या, नाहीतर पुन्हा सी भरला.

हिंडलगा_रोड

शेवटचा प्रश्न राहिला. काम झाल्यावर विंडोजच्या स्टार्टमधून शटडाउन केलं की झालं ना?

वडगाव_व्हिज

कुठं आहात त्यावर. ॲमेझॉनवर मुळातल्या सेटिंगप्रमाणे मशीन स्टॉप होतं, मशीनचं मीटर थांबतं, ड्राइव्हचं चालू. अॅझ्युअरवर आतून शटडाउन केलं तर मशीन थांबलेलं दिसतं, पण तुमच्यासाठी राखूनच ठेवलेलं असतं आणि बिल चालू राहतं. तिथं पोर्टलवरूनच स्टॉप करा आणि स्थिती डीअलोकेटेड झाली का बघा. शनिवारी रात्री आतून बंद करून सोमवारी बघायचं म्हणजे दीड दिवसाचं जीपीयू भाडं.

टर्मिनेट करण्यापूर्वी कोणता ड्राइव्ह मशीनबरोबर पुसला जाणार ते बघा. ॲमेझॉनवर मूळचा बूट ड्राइव्ह सहसा पुसला जातो, नंतर जोडलेला राहतो. राहिलेला ड्राइव्ह कुठल्याच मशीनला न जोडलेला पडून राहतो आणि महिन्याच्या बिलात दिसतो. स्टोरेजमध्ये अर्धवट तुटलेल्या मोठ्या अपलोडचे तुकडेही जागा खातात, फाइलींच्या यादीत दिसत नाहीत. लाइफसायकल नियमात ते ठरावीक दिवसांनी पुसायचा पर्याय आहे, तो लावून टाका.

आणि घरी काय उतरवायचं ते आधी ठरवा. चढवणं फुकट, उतरवण्याला पैसे. ॲमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढं दर जीबीला आकार. ३१६ जीबीचे पास घरी आणण्यापेक्षा कंपोझिटिंग (पास एकत्र जोडणं) सर्व्हरवरच करून फक्त शेवटचा व्हिडिओ उतरवलात तर बिलही वाचतं, वेळही. त्याला जीपीयू मशीन लागत नाही, त्याच ड्राइव्हला साधं स्वस्त मशीन जोडा. ॲमेझॉनवर ड्राइव्ह आणि मशीन एकाच झोनमध्ये (रीजनच्या आतल्या एका भागात) हवेत, नुसतं रीजन एक असून चालत नाही.

हिंडलगा_रोड

म्हणजे काम झालं की ड्राइव्हचा स्नॅपशॉट घ्यायचा, ड्राइव्ह पुसायचा, पुढच्या वेळी स्नॅपशॉटपासून नवा बनवायचा. बरोबर?

टिळकवाडी_नोड

बूट ड्राइव्हसाठी होय. ड्रायव्हर, ब्लेंडर, प्लगइन, लायसन्स पुन्हा बसवायला लागत नाहीत, आणि नंतरच्या स्नॅपशॉटला फक्त बदललेल्या भागाची जागा लागते.

टेक्श्चरसाठी नको. स्नॅपशॉटपासून बनवलेला ड्राइव्ह लगेच जोडता येतो, पण आतला डेटा मागून, वाचायला गेल्यावर, स्टोरेजमधून उतरतो. पहिल्या फ्रेमला टेक्श्चर वाचताना ड्राइव्ह रांगत असल्यासारखा चालतो. प्लॅन बदलला का, मशीन खराब आलं का, असं लोक विचारतात ते यामुळं. टेक्श्चर ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येच ठेवा आणि दर वेळी कोऱ्या ड्राइव्हवर आरक्लोनने ओढा. स्नॅपशॉटच वापरायचा असेल तर रेंडर लावण्याआधी सगळ्या फाइली एकदा वाचून घ्या. रोबोकॉपीने त्या डी ड्राइव्हवर कॉपी केल्या तरी वाचून होतात, आणि मग रेंडरही त्या जलद प्रतीवरूनच चालवा.